योरिस मास्तरांचा पांढरा

हार्लेममध्ये त्या काळी खाटकाच्या दुकानातही भिंतीवर चित्र असे. चांभाराकडे एखादं, पाववाल्याकडे दोन, आणि ज्याची चार मोठ्या माणसांत ऊठबस, त्याच्या बैठकीच्या खोलीत तर भिंतीचा रंग कोणता ते कळू नये इतकी. लुब्बर्ट अशांपैकीच एक. गावाबाहेर वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी त्याची कुरणं होती. दूरदूरच्या मागांवरचं कोरं, मातकट लिनन त्याच्याकडे यायचं. राखेच्या पाण्यात उकळून, आंबट ताकात मुरवून, गवतावर उन्हात पसरून तो ते असं शुभ्र करायचा की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. हौदच्या हौद ताक लागायचं, म्हणून गाव त्याला पाठीमागे ‘ताक्या’ म्हणे. तोंडावर म्हणायची हिंमत एकाचीच होती, क्रिस्पाइनची.

क्रिस्पाइनची बिअरची भट्टी स्पार्ने नदीच्या काठाला होती. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एकाच शाळेत मार खाल्लेला, गावरक्षक दलात एकाच तुकडीत भाले खांद्यावर टाकून चाललेले. चित्रांचा नाद लुब्बर्टला आधी लागला, आणि त्यानेच तो क्रिस्पाइनला लावला. चांगलं कोणतं, वाईट कोणतं, कुठल्या चित्रकाराने स्वतः काढलंय आणि कुठे शिष्याच्या हातून उरकून घेतलंय, हे तो दोस्ताला बाजारात हिंडता हिंडता शिकवायचा. क्रिस्पाइन मान डोलवायचा आणि निघताना हटकून एखादं गाई-बैलांचं चित्र घेऊन जायचा. लुब्बर्टला ते बरं वाटायचं. शिकवणारा आपण आणि शिकणारा तो, ही गोष्ट त्याला आवडायची.

एका वसंतात ट्राइनबाईच्या दुकानात लुब्बर्टला ते चित्र दिसलं. ट्राइनबाई विधवा होती, मेलेल्या माणसांच्या घरचं सामान विकत घेऊन विकायची. पितळी भांडी, गाद्या आणि एका तुटक्या पाळण्याच्या पलीकडे ते टेकून ठेवलं होतं. फार मोठं नव्हतं. एक टेबल, त्यावर हेरिंग माशाची ताटली, अर्धं सोललेलं लिंबू, एक काचेचा पेला, आणि टेबलाच्या कडेला चुरगळून सारलेलं पांढरं कापड. बस्स, एवढंच. पण लुब्बर्टच्या पायाला मुंग्या आल्या. ते पांढरं त्याच्या ओळखीचं होतं. पाण्याचा शेवटचा हात फिरल्यावर, दुपार कलायच्या आधी, गवतावरचं कापड ज्या घटकेला असं दिसतं, ती घटका आयुष्यभर रोज त्याच्या डोळ्यांसमोर येऊन जायची. ती कुणी रंगात धरून ठेवली असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. आणि हार्लेममध्ये हे करू शकेल असा एकच माणूस होऊन गेला होता. योरिस मास्तर. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांची चित्रं बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

“हे काय घेऊन बसलात ट्राइनबाई?” तो पाळण्याकडे बघत म्हणाला.

“पाळणा हवाय का? या वयात?”

“चित्राचं विचारतोय.”

“योरिस मास्तरांचं आहे ते. आणि किंमत कमी होणार नाही, आधीच सांगते.”

“सही कुठाय?”

“सहीला काय करायचंय, डोळे घरी ठेवून आलात का?”

तिने सांगितलेल्या किमतीच्या निम्मी किंमत लुब्बर्टने सांगितली. ट्राइनबाई हसली. त्याने थोडी वाढवली, तिने थोडीही उतरवली नाही. पैसे त्याच्याजवळ होते, पण भाव पाडल्याशिवाय उचलायचं नाही ही हाडात भिनलेली सवय. “उद्या येतो,” असं म्हणून तो निघाला.

“उद्या ते इथे असेलच असं नाही हं,” ती मागून म्हणाली.

“कोण नेतंय!”

दुसऱ्या दिवशी तो गेला तर पाळण्यामागे नुसती भिंत होती. आणि संध्याकाळ व्हायच्या आत क्रिस्पाइनचा माणूस निरोप घेऊन आला, की मालकांनी ताबडतोब बोलावलंय, काहीतरी दाखवायचंय.

“ये ये, ताक्या, ये!” क्रिस्पाइनने दारातच त्याच्या पाठीत थाप घातली. “सगळ्यांच्या आधी तुला दाखवणार. तुझ्याशिवाय कळणार कुणाला?”

चित्रासमोर हिरवा पडदा लावला होता. क्रिस्पाइनने तो बाजूला केला. तेच टेबल, तेच चुरगळलेलं पांढरं कापड.

“भाव काय केलास?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“भाव? म्हणाली तेवढे दिले. बायकोला लिंबं आवडतात. बघ ना, किती रसाळ आहे! म्हटलं, घेऊन टाकू.”

लिंबासाठी!  चित्र गेलं याचं दुःख एक वेळ गिळता आलं असतं. पण ते अशा माणसाकडे गेलं होतं की ज्याला त्यातलं लिंबू दिसत होतं. तिथे उभं राहून, आपण काय करतोय हे कळायच्या आत, त्याने क्रिस्पाइनला त्या कापडाबद्दल सांगितलं. घडीच्या आतली सावली काळपट नसून निळसर कशी आहे, वरच्या काठाला पिवळ्याची किती पुसट झाक आहे, आणि ती नसती तर कापड मेल्यासारखं दिसलं असतं. क्रिस्पाइन तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला.

त्या उन्हाळ्यात क्रिस्पाइनच्या घरी माणसांची रीघ लागली. गावचे पंच आले, पाद्री आले, लायडनचा एक प्राध्यापक येऊन गेला. प्रत्येकाला क्रिस्पाइन पडदा सारून दाखवायचा आणि म्हणायचा, “लोक लिंबू बघतात, पण गंमत कापडात आहे. सावली बघा, काळी नाही, निळी आहे. आणि वरचा काठ पिवळसर. तो पिवळा काढला ना, तर कापड मेलं!” शब्द न शब्द लुब्बर्टचा. कितीदा तर तो स्वतः तिथेच कोपऱ्यात बिअरचा पेला धरून उभा असायचा. पाहुणे कौतुकाने क्रिस्पाइनकडे बघायचे. क्रिस्पाइन डोळा मिचकावून त्याच्याकडे बघायचा, जणू दोघांनी मिळून केलेली गंमत. त्याच्या मनात काही नव्हतं, आणि लुब्बर्टला नेमका त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

घरी लुब्बर्टची बायको वेंडेला म्हणायची, “अहो, जेवणात लक्ष कुठाय? परत गेला होतात वाटतं तिकडे?”

“जाता जाता डोकावलो.”

“कुरणं पश्चिमेला, भट्टी पूर्वेला. बरं जाता जाता होतं तुमचं.” आणि पाव कापता कापता, “एवढं जिवाला लागलंय तर मागा ना त्याच्याकडे. देईल तो. तसाच आहे तो.”

मागायचं? त्याच्याकडे? लुब्बर्टने ताटली बाजूला सारली.

शरद ऋतूत अॅमस्टरडॅमहून टिमर्ससाहेब आले. नाव ऐकूनच क्रिस्पाइनच्या घरात धावपळ झाली, कारण मोठमोठे संग्राहक टिमर्ससाहेबांना विचारल्याशिवाय चित्राला हात लावत नसत. दुपारच्या जेवणाला लुब्बर्ट आणि वेंडेलाही होते. मांस, गाजर आणि कांदे एकत्र शिजवलेलं, क्रिस्पाइनच्या बायकोच्या, युडिथच्या हातचं कालवण सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. मग पडदा सरला. टिमर्ससाहेब नुसते पुढे झाले, मागे आले, पुन्हा पुढे झाले.

“योरिस,” ते शेवटी म्हणाले. “यात प्रश्नच नाही. माझ्या मते त्यांचं सर्वोत्तम काम. क्रिस्पाइन, तुमची नजर थोर आहे.”

“छे छे, नजर कसली,” क्रिस्पाइन लाजून हसला. “नजर या लुब्बर्टची. पांढऱ्यातलं या गावात त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यालाच विचारा ना.”

टिमर्ससाहेब वळले. “अस्सं? मग तुम्ही बोला. पांढऱ्याचे धनी तुम्ही.”

सगळे त्याच्याकडे बघत होते. क्रिस्पाइन तर असा बघत होता की जणू आपल्या पोराने आता बक्षीस मिळवावं. ‘तुमची नजर थोर आहे’ हे शब्द अजून लुब्बर्टच्या कानात वाजत होते. ते वाक्य त्याचं होतं. आयुष्यात एकदा ते कुणीतरी त्याला म्हणायला हवं होतं.

“सुंदर आहे,” तो म्हणाला. आणि मग हळूच, “कुणाचंही असो.”



“म्हणजे?” टिमर्ससाहेबांनी विचारलं.

“काही नाही. योरिस मास्तरांचा पांढरा मी जवळून पाहिलाय. जरा वेगळा असायचा. पण मी काय, कापडं धुणारा माणूस. तुम्ही म्हणताय तर असेल.”

वेंडेलाने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. टिमर्ससाहेब पुन्हा चित्राकडे गेले, आणि या वेळी पूर्वीसारखे मागेपुढे झाले नाहीत. निघताना त्यांनी क्रिस्पाइनचे आभार मानले, कालवणाची तारीफ केली. चित्राचं नाव काढलं नाही.

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. ‘पांढऱ्यातला जाणकार म्हणतोय, आणि तोही जिवलग दोस्त, म्हणजे काहीतरी असणारच.’ चित्रकारांच्या संघातले तिघे बुजुर्ग मास्तर चित्र बघून आले. एक म्हणाला खरं, एक म्हणाला शिष्याने केलेली नक्कल, आणि तिसरा म्हणाला की सांगता येत नाही. लोकांनी तिसऱ्याचं धरलं, कारण त्यात बोलत राहायची सोय होती. क्रिस्पाइनकडची रीघ आटली. गावरक्षक दलाच्या मेजवानीत एकाने त्याला विचारलं, “काय रे, लिंबू तरी खरं आहे ना?” तेव्हा क्रिस्पाइनने त्याची गळपट्टी धरली. आयुष्यात कुणावर हात न उचललेला माणूस. दोघांना लोकांनी ओढून वेगळं केलं. लुब्बर्ट तिथेच होता. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली काहीतरी ऊबदार, सुखाचं होतं, आणि तो त्या उबेशी बसून राहिला.

मग एके दिवशी क्रिस्पाइन कुरणांवर आला. वर्षातलं शेवटचं कापड पसरलं होतं, वारा टेकड्यांवरून वाळू आणत होता, आणि गडी घाईघाईने गुंडाळ्या करत होते.

“लुब्बर्ट, मला सरळ सांग,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने ‘ताक्या’ म्हटलं नाही. “जग काय म्हणतं ते राहू दे. तुला काय वाटतं? खरं आहे की नाही?”

“मी त्या दिवशी सहज बोललो रे...”

“सहज नाही. तुला कळतं. मला काही कळत नाही, मी तुझेच शब्द पोपटासारखे बोलतो, ठाऊक आहे मला. म्हणून विचारतोय. तू म्हणालास खरं, तर खरं. मी गावाला फाट्यावर मारीन.”

समोर लांबच लांब पांढरं पसरलं होतं. लुब्बर्ट ‘खरं आहे’ म्हणणार होता. शब्द जिभेवर आला होता. पण त्याला दिसलं की हा शब्द ऐकला की क्रिस्पाइनचं तोंड कसं फुलेल, घरी जाऊन तो पडदा कसा झर्रकन ओढेल, आणि पुन्हा ते सगळं सुरू होईल.

“मला शंका आहे,” तो म्हणाला.

क्रिस्पाइनने मान हलवली. पायाखालचं गवत बघत तो निघून गेला.

हिवाळा लागायच्या आधी चित्र विकायला निघालं. “ते भिंतीवर असलं की मला भांडणच दिसतं,” असं क्रिस्पाइन युडिथला म्हणाला होता म्हणे. बाजाराजवळच्या खानावळीत लिलाव होता. मागे बसून लुब्बर्ट वाट बघत होता. गाई गेल्या, जहाजं गेली, पाद्र्यांचे चेहरे गेले. चित्र पुढे आलं तेव्हा पुकारणाऱ्यानेच आवाज खाली आणला. “टेबलावरचं जेवण, योरिस मास्तरांच्या... पद्धतीचं.” कुणीतरी खिदळलं. लुब्बर्टने हात वर केला. दुसरा हात वर झालाच नाही. ट्राइनबाईला त्याने जी निम्मी किंमत सांगितली होती, त्याहूनही कमीत ते त्याचं झालं.

“ताक्या, नक्कल घेतलीस?” बाकांवरून आवाज आला. आता तोंडावर म्हणायला कुणालाच भीती नव्हती.

“नक्कल नाही,” तो उभा राहून म्हणाला. “अस्सल आहे.”

मग मात्र सगळी खानावळ हसली. “काल नक्कल होती! हातात आली की अस्सल झाली! धुऊन काढलीस का रे ताकात?”

घरी वेंडेलाने चित्र पाहिलं, मग त्याला. “आणलंत शेवटी,” ती म्हणाली. “लावा कुठे लावायचं ते. मला बघायला सांगू नका.” आणि त्यानंतर खरंच तिने त्या भिंतीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली. टिमर्ससाहेबांबरोबरच्या त्या दुपारच्या जेवणाबद्दल तिने कधी एक शब्द काढला नाही. काढला असता तर बरं, असं लुब्बर्टला पुष्कळदा वाटलं.

त्याने लोकांना बोलावलं. निळी सावली दाखवली, पिवळा काठ दाखवला. माणसं गालातल्या गालात हसून म्हणत, “हो, हे क्रिस्पाइनही सांगायचा.” टिमर्ससाहेबांना निरोप धाडला, ते आले नाहीत. संघातल्या मास्तरांना पुन्हा बघा म्हटलं, तर पूर्वी ‘खरं’ म्हणालेलाही कुरकुरला, “कशाला जुनं उकरता, तुम्हीच तर सांगितलंत.” मग तो एकटाच चित्रासमोर बसू लागला. पण आता त्या पांढऱ्याकडे पाहिलं की पूर्वीसारख्या मुंग्या येत नसत. एखाद्या दिवशी काठाचा पिवळा जरा जास्तच वाटे. योरिस मास्तरांनी इतका पिवळा घातला असता? तो उठून जवळ जाई, लांब जाई, डोळे चोळी. आपणच पेरलेली शंका आता आपल्याच डोळ्यांत उगवली होती, आणि तिचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

बर्फ वितळायच्या सुमाराला क्रिस्पाइन आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. टोपी हातात घेऊन दारात उभा.

“येऊ का?”

“विचारतोस काय? ये.”

“ऐकलं की तू घेतलंस ते.” तो आत येऊन अवघडून उभा राहिला. “गाव हसलं म्हणे तुला. मला माहितेय तू का घेतलंस.”

 वेंडेला विणता विणता थांबली.

“परगावी गेलं असतं तर मला पुन्हा बघायला मिळालं नसतं,” क्रिस्पाइन म्हणाला. “माझ्यासाठी घेतलंस. बोलू नकोस काही, मला कळतं. बघू का जरा?”

आणि तो लुब्बर्टच्या खुर्चीत बसला. बघता बघता त्याचा चेहरा असा मोकळा झाला, जसा बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाचा होतो. लुब्बर्ट चित्राकडे बघेना, त्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“क्रिस्पाइन, ते खरं आहे,” तो एकदम म्हणाला. “योरिस मास्तरांचंच. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ट्राइनबाईच्या दुकानात तुझ्या आधी मी पाहिलं होतं. मी खोटं बोललो. टिमर्ससमोर बोललो, कुरणावर तुझ्या तोंडावर बोललो.”

क्रिस्पाइनने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग हसला, तेच जुनं पोटातून येणारं हसू.

“लुब्बर्ट, लुब्बर्ट. तू माणूस चांगला आहेस, पण खोटं बोलणं काही तुझं काम नाही. माझी समजूत घालायला स्वतःला चोर करू नकोस.”

“अरे, शपथेवर सांगतो...”

“पुरे. खरं असू दे, खोटं असू दे. मला आता फरक पडत नाही. पडायचा, फार पडायचा. आता नाही.”

“मग घेऊन जा. आत्ता घेऊन जा, तुझं आहे.”

“नको रे. युडिथ दारात उभं करणार नाही त्याला. तुला चालणार असेल तर मीच येत जाईन.”

चालणार नाही, असं म्हणायला लुब्बर्टकडे काही कारण नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून परस्पर क्रिस्पाइन यायचा. वेंडेला त्याच्यासाठी चीज आणि राय धान्याचा काळपट पाव काढायची, त्याच्याशी गप्पा मारायची, हसायची. तिचं ते हसणं लुब्बर्टला एरवी ऐकायला मिळत नसे. मग क्रिस्पाइन खुर्ची ओढून चित्रासमोर बसायचा आणि लुब्बर्ट बाजूच्या स्टुलावर. भिंत लुब्बर्टची, चित्र लुब्बर्टचं, खुर्चीही लुब्बर्टची. पण त्या घटकेपुरतं त्या खोलीत जे काही मिळण्यासारखं होतं ते सगळं क्रिस्पाइनला मिळायचं, पहिल्या संध्याकाळसारखंच.

एका रविवारी क्रिस्पाइन पुढे वाकला. “अरे, हे पाहिलंस का कधी? पेल्यात. काचेवर खिडकी उमटलीय ना, त्या खिडकीत कुणीतरी उभं आहे.”

“कुठे?”

“हे काय, इथे. टिकलीएवढं. मला वाटतं मास्तर स्वतःच असतील. चित्र काढता काढता आपलं प्रतिबिंब दिसलं पेल्यात, तेही रंगवून टाकलं.” त्याने बोट पेल्याच्या अगदी जवळ नेलं आणि लुब्बर्टला जागा व्हावी म्हणून खुर्चीतून अर्धवट उठला. “ये, इथे बस. इथून दिसतं.”

लुब्बर्ट त्या ऊबदार खुर्चीत बसला. नाक चित्राला लागेल इतका पुढे झाला. पेला दिसला, खिडकी दिसली, खिडकीच्या चौकटी दिसल्या, माणूस दिसेना. त्याने एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. बाजूला क्रिस्पाइन श्वास रोखून उभा होता, लहान मुलासारखा.

“दिसलं?”

“हो,” लुब्बर्ट म्हणाला. “दिसलं.”